खुंटाची जागा

ईश्वर भीमा बनसोडे हा शुक्रवार पेठेतल्या बसवजयंतीच्या कोलाटात शेवटी नाचला. पुरी एक फेरी नाचला, आणि पेठेतल्या प्रत्येकाची टिपरी त्याच्या टिपरीला लागली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता असं काही झालंच नाही असं धरून चला. अवघड नाही. सगळी पेठ तसंच धरून चालली आहे, आणि पेठेत आपल्यापेक्षा शहाणी माणसं राहतात.

सुरुवात सायकलच्या मागच्या चाकातून झाली. चैत्राचे दिवस, ऊन कलून गेलं तरी भिंती तव्यासारख्या तापलेल्या, आणि ईश्वर कचेरीतून बुधवार पेठेतल्या घराकडं निघालेला. तो एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर कारकून होता. म्हणजे आलेल्या कागदावर आला म्हणून शिक्का मारायचा आणि गेलेल्यावर गेला म्हणून. मधे कागदाचं काय होतं हे विचारायची त्याला परवानगी नव्हती, आणि आता इच्छाही राहिली नव्हती. घरी जायला सरळ रस्ता होता. तो शुक्रवार पेठेतून वळसा घालून जायचा, कारण चैत्र लागला की बसलिंगप्पांच्या सुताच्या दुकानासमोर कोलाटाची तालीम चालायची. हे कारण त्यानं स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. स्वतःला तो सांगायचा की त्या रस्त्याला सावली आहे. त्या रस्त्याला सावली नाही. त्या दिवशी मात्र चाकानं त्याची बाजू घेतली आणि बरोबर दुकानासमोरच्या विजेच्या लोखंडी खांबाशी दम सोडला. ईश्वरनं सायकल खांबाला टेकवली, पंप काढला आणि हवा भरायला वाकला. हवा भरणाऱ्या माणसाला कुणी इथं का उभा म्हणून विचारत नाही. हवा भरता भरता वाटेल तेवढं बघता येतं, फक्त चाक लवकर भरू द्यायचं नाही.

कोलाट म्हणजे टिपऱ्यांचा नाच. त्याला कुणी गरबा म्हटलं तर तालीम घेणारा तिप्पण्णा दोन दिवस जेवत नसे. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत टिपऱ्या, हलगीचा ठेका आणि कानडी गाणं. कडवं संपलं की जो तो एक जागा सरकतो आणि समोर नवा माणूस येतो. रांगेच्या टोकाला पोचलेला वळून दुसऱ्या रांगेत शिरतो, अशी सगळी रांग जात्यासारखी फिरत राहते. न फिरणारा माणूस एकच. तो एका टोकाला, खांबाजवळ, जागच्या जागी उभा असतो. बाकीचे पाळीपाळीनं त्याच्यासमोर येतात, टिपरी लावतात, पुढं जातात. पेठेत त्याला खुंट म्हणत. नियम दोनच. प्रत्येकाची टिपरी प्रत्येकाच्या टिपरीला लागली पाहिजे, आणि एकदा सुरू झालेली फेरी पुरी झाल्याशिवाय मोडायची नाही. टिपरी कुणालाच न लागता हवेत गेली की फेरी मोडली. एका साली मोडली तेव्हा गिरणीत संप झाला, असं सांगत. संप गिरणीत दरसाल व्हायचा, पण त्या सालचा संप फेरीमुळं झाला होता.

खुंट म्हणून कितीतरी वर्षं सिद्रामप्पा उभे राहायचे. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं ती जागा त्यांना आणि ते जागेला शोभायचे. यंदा ते मोतीबिंदू काढायला अक्कलकोटला लेकीकडं गेले होते. हलगीवाला मल्लप्पाही नव्हता. त्याला लग्नाच्या बँडात लाल कोट मिळाला होता आणि तो कोट घातल्यापासून त्याला शुक्रवार पेठ लांब पडायला लागली होती. म्हणून बसलिंगप्पा स्वतः पायरीवर बसून घासलेटचा रिकामा डबा बडवत होते, आणि खुंटाच्या जागी कुणी नव्हतं. म्हणजे ईश्वर होता. पण त्याला ते माहीत नव्हतं. तो चाकावरून कंबर सरळ करायला उभा राहिला, हातात पंप, आणि त्याच क्षणी तिप्पण्णा मागच्यांचे पाय बघत, 'उचला, उचला की पाय, शेण तुडवायलाय काय' असं ओरडत, सरकत सरकत समोर आला आणि न बघता त्यानं टिपरी पुढं केली. ईश्वरचा हात वर गेला. तो ईश्वरनं उचलला नव्हता, एवढं तो कुठल्याही कोर्टात सांगायला तयार होता. पंपावर टिपरी लागली. टण्. पितळी नळीतून तो आवाज मनगटात आला, कोपरापर्यंत चढला आणि तिथं बसला. तिप्पण्णा पुढं निघूनही गेला. त्याच्या मागून आला शिवपुत्र. शिवपुत्रानं टिपरी उचलली, ईश्वरकडं बघितलं, आणि नळाची चावी फिरावी तसं त्याचं मनगट फिरलं. टिपरी खांबाला लागली. ठण्ण. खांबाचा आवाज पंपापेक्षा चांगला होता, यात वाद नाही. त्याच्या मागच्यानं खांबालाच लावली, त्याच्या मागच्यानंही. फेरी पुरी झाली, मोडली नाही. दुसऱ्या दिवशी खांबाला छातीच्या उंचीवर सुतळीनं दोन टिपऱ्या बांधलेल्या होत्या. अशा रीतीनं खांबाची नेमणूक झाली. त्याला अर्ज करावा लागला नाही.

रात्री ईश्वर पडल्या पडल्या कोपर चाचपत होता. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बाम लावता आला असता. पंपाला लागली ती टिपरी तिप्पण्णाची होती, चुकून लागलेली; तिचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला न लागलेली टिपरी आठवत होती. शिवपुत्र आणि तो सातवीपर्यंत एका बाकावर होते. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागं, मुताऱ्यांच्या भिंतीआड, दोघं लाकडी फूटपट्ट्या घेऊन कोलाट खेळायचे. शिवपुत्र रात्री घरी बघून यायचा आणि दिवसा शिकवायचा. गाण्यातलं कानडी ईश्वरला कळत नव्हतं, पण कुठल्या शब्दावर गुडघा वाकतो आणि कुठल्या शब्दावर पाठ फिरते हे कळत होतं, आणि नाचाला तेवढी भाषा पुरते. दोघांच्यात फेरी कशी होणार? समोर सारखं तेच तोंड. मग शिवपुत्र ठरवायचा, आता तू बसलिंगप्पा हो. ईश्वर पोट पुढं काढायचा. आता तू तिप्पण्णा. ईश्वर शिव्या द्यायचा. आता तू सिद्रामप्पा, हलू नको. असा ईश्वर सगळी रांग होऊन गेला होता. फक्त त्या रांगेत ईश्वर म्हणून कधी आला नव्हता. हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आता अंथरुणावर ध्यानात आल्यावर त्याला शिवपुत्राचा नव्हे, फूटपट्टीचा राग आला.

दोन दिवसांनी तो शिवपुत्राला गाठायला त्याच्या भांड्यांच्या दुकानात गेला. शिवपुत्र पातेल्यावर नाव घालत होता.

"शिव्या, परवा काय झालं रे?"

"कुठं काय झालं?"

"माझ्या पंपावर मारायला आलास, ते खांबावर मारलास."

शिवपुत्रानं पातेलं फिरवून बघितलं. "हात गेला की तिकडं. ह्या हाताचं काय सांगायचं? परवा गिऱ्हाईकाच्या सासूचं नाव घालायचं ते ह्यानं सुनेचं घातलं."

"तिप्पण्णानं मारली माझ्यावर."

"त्यानं बघितलं नव्हतं."

"आणि तू?"

"मी बघितलं, बे," शिवपुत्र म्हणाला आणि ठोकायला लागला. मग ठोकता ठोकता, वर न बघता: "माझ्या मागं दोन्ही काका होते, ईश्वर. माझं लग्न ठरायलंय. तू पण जरा येळ बघून चाक पंक्चर कर की."

ईश्वर हसला. हसायला नको होतं, हे त्याला घरी पोचल्यावर कळलं. त्याची ती जुनी खोड होती. अपमान आधी विनोद म्हणून यायचा आणि ओळख पटेपर्यंत निघून गेलेला असायचा.

घर म्हणजे दीड खोली आणि त्यात आबा. आबा म्हणजे भीमा, त्याचे वडील, गिरणीतून निवृत्त. माढ्याकडच्या गावात असताना भीमाची हलगी अशी होती की बाजारात ती वाजायला लागली की माणसं भाव ठरवता ठरवता थांबत, असं लोक सांगत. आबा कधीच सांगत नसत. ईश्वर शाळेत जायच्या वयाचा झाला त्या सुमाराला सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, आणि गावाच्या मयतीपुढं, वरातीपुढं, जत्रेपुढं हलगी वाजवायचं काम त्या दिवशी सुटलं. सुटलं म्हणजे भीमानं सोडलं. चामडं फाडलं, कडं तेवढं ठेवलं, आणि सोलापुरात आल्यावर ईश्वरच्या आईनं, नागूबाईनं, त्याला जाळी बसवून चाळण केली. दुष्काळाच्या साली रेशनवर आलेली तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, त्याच चाळणीतून गेली. राहता राहिलं पोराचं नाव. देव मानायचा नाही अशी शपथ घेतलेल्या घरात ईश्वर रोज भाकरी मागायचा, आणि नाव बदलायचं तर शाळेतल्या मास्तरांना दाखला पाहिजे होता, तो कुणी द्यायचा हे मास्तरांनाही माहीत नव्हतं. तेव्हा ईश्वर राहिला. पण ठेका राहू दिला नाही. त्या घरात ठेक्याला बंदी होती. नागूबाईची चाळण लयीत हलायला लागली की आबा बाजेवरून म्हणायचे, "हळू. मोडून चाळ." ती मोडून चाळायची. मिरची कुटतानाही दोन घाव टाकले की मधे एक चुकवायचा. दार वाजवायचं ते सुद्धा वेडंवाकडं. सारखे तीन ठोके पडले तर आबा उघडायचे नाहीत. त्यामुळं ईश्वर मोठा झाला तो असा, की आंघोळीला बादलीवर बोट वाजवलं तरी आधी दाराकडं बघायचा. हलगी त्यानं हातात धरली नव्हती. कोलाट तेवढा राहून गेला होता, कारण त्यावर बंदी घालायचं आबांना सुचलं नव्हतं. आपलं पोर कधी त्या रांगेचं स्वप्न बघेल, हे कुठल्या बापाला सुचणार?

मधल्या काळात पेठेनं संगीताचे प्रयोग करून बघितले. डबा बडवून बसलिंगप्पांचा अंगठा सुजला. मग कुणाच्या तरी मेहुण्याचा रेकॉर्ड प्लेअर आला आणि कर्णा लावून तबकडी सुरू झाली. ईश्वर त्या दिवशी पान खात समोरच्या टपरीवर उभा होता, कारण चाक रोज पंक्चर होणं शंकास्पद दिसलं असतं. तबकडी चांगली होती. पण उन्हाळ्याचे दिवस, विजेचा दाब कमी व्हायचा. दाब उतरला की गाणं जड व्हायचं, गाणारी बाई हळूहळू पुरुष व्हायची, आणि खाली रांगेतले सगळे कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखे पाय उचलायचे. मग दाब एकदम वाढायचा आणि पेठेतली वजनदार माणसं चिमण्यांसारखी टुणटुण उडायची. ईश्वरला हसू आलं नाही. त्याला चीड आली. हलगी बघते. वाजवणाऱ्याची नजर पायांवर असते. म्हातारा मागं पडला तर एक ठोका ताणून धरते, पोरं उधळली तर कान पिळल्यासारखी आवळते. तबकडीला कुणाचेच पाय दिसत नाहीत. त्या सगळ्या गोंधळात एकच नर्तक ताल न चुकता उभा होता. तो खांब.

मग बसलिंगप्पांचा निरोप आला. ईश्वर दुकानात गेला तेव्हा तिथं तिप्पण्णाही होता. चहा आला. बसलिंगप्पा आणि तिप्पण्णाला कपात आणि ईश्वरला काचेच्या ग्लासात. चहा सारखाच होता.

"बा तम्मा, बस," बसलिंगप्पा म्हणाले. "भीमाचं कसं काय? बरा हाय न्हवं? तर मुद्द्याचं सांगतो. जयंती तोंडावर आली. हलगी तू धर."

"अप्पा, मला हलगी येत नाही."

"लाजतोस काय? भीमाच्या पोराला हलगी येत न्हाय, मग काय मला येती?"

"खरंच येत नाही. कधी धरलीच नाही."

"धरायची कशाला असती?" तिप्पण्णा म्हणाला. "तुमच्यात ती आतूनच येती की. आमचं पोर बघ, न शिकवता तराजू धरतंय."

ईश्वरनं ग्लासाकडं बघितलं. मग त्यानं ते वाक्य म्हटलं, जे तो मुताऱ्यांच्या भिंतीआडपासून तोंडात घेऊन फिरत होता, आणि म्हटल्यावर ते एवढं लहान निघालं की त्याला लाज वाटली. "मला कोलाट येतो."

"बघायला व्हय? सगळ्यांनाच येतो की बघायला."

"नाचायला. सगळी कडवी, सगळ्या जागा. खुंटाची जागा रिकामी आहे, तिथं मी उभा राहीन."

"रिकामी कुठं हाय?" तिप्पण्णा म्हणाला. "खांब हाय की."

बसलिंगप्पा वाईट माणूस नव्हते. जयंतीला त्यांचं भाषण असायचं, आणि बसवण्णांनी आठशे वर्षांपूर्वी सगळ्या जातींना एका जागी कसं बसवलं हे सांगताना त्यांचा गळा दरसाल खरोखर दाटून यायचा. त्यांनी ईश्वरच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे ठेवल्यासारखा केला. "तू आधी हलगी तर धर. जागेचं मागनं बघू की."

कचेरीत ज्या कागदावर 'बघू' पडतं तो कागद पुन्हा कुणी बघत नाही, हे ईश्वरइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तरी तो दुसऱ्या दिवशी तालमीला गेला. ही त्याची त्यालाच न समजलेली गोष्ट. कुणाची तरी हलगी मागून आणलेली, कागदांच्या जाळावर शेकून ताणलेली. ती त्याच्या खांद्याला अडकवली तेव्हा तिचा ऊबदार काठ बरगडीला लागला आणि त्याला उगाच घरातल्या पिठाचा वास आला. रांगा उभ्या राहिल्या. शिवपुत्रानं नजर खाली केली. ईश्वरनं वाजवलं. आपल्याला काहीच येत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मनातून कुठंतरी तोही तिप्पण्णासारखाच, आतून येईल म्हणून वाट बघत होता. आतून काही आलं नाही. जे आलं ते पत्र्यावर वाळवण उलटल्यासारखं होतं. आयुष्यभर मोडून चाळलेलं, चुकवून कुटलेलं जे जे ऐकलं होतं तेवढंच त्याच्या हाताला येत होतं. दोन ठोके पडले की तिसरा आपोआप हुकायचा. रांग अडखळली. तिप्पण्णा एका बाजूला, टिपरी दुसऱ्या बाजूला गेली.

"मुद्दाम करायलाय!" तिप्पण्णा ओरडला. "बघा अप्पा, जागा दिली न्हाय म्हणून मुद्दाम वाकडं वाजवायलाय."

"मुद्दाम नाही. मला हे एवढंच येतं."

"एवढं वाईट वाजवायला सुद्धा हातात कला लागती. गंमत समजतोस व्हय आम्हाला?"

बसलिंगप्पांनी हलगी त्याच्या खांद्यावरून काढून घेतली. त्यांचा चेहरा दुखावलेला होता. आपण विश्वासानं काही द्यावं आणि समोरच्यानं ते मातीत टाकावं, तसा. ईश्वरला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही जे मागता ते माझ्याकडं नाही आणि जे माझ्याकडं आहे ते तुम्ही मागत नाही. पण हे वाक्य डोक्यात तयार होईपर्यंत तो सायकलवर होता, आणि सायकलवर माणूस कुणाला ओरडणार? वाटेतल्या एका म्हशीला तो म्हणाला, "सरक की." म्हैस सरकली. सबंध दिवसात त्याचं तेवढंच एक म्हणणं मान्य झालं.

घरात बातमी त्याच्या आधी पोचली होती. आबा बाजेवर बसून होते. आता हे बाहेर काढणार, असं समजून ईश्वरनं चप्पल काढलीच नाही.

"हलगी धरलीस म्हनं."

"व्हय."

"कशी वाजीवलीस?"

"वाईट."

"लई वाईट?"

"लई वाईट, आबा. रांग पडली."

आबांनी थोडा वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं. मग त्यांच्या तोंडावर असं काहीतरी पसरलं, जे ईश्वरनं त्याला नोकरी लागली त्या दिवशीही बघितलं नव्हतं. "एक ठोका सुदिक बरा पडला न्हाय?"

"एक पण न्हाय."

"नागू," आबांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? पोराला कायबी येत न्हाय!" आणि मग, जरा वेळानं, हळू: "पर तू गेलास कशाला?"

"मला रांगेत उभं राहायचं होतं."

"ते तुला चामडं देत्यात आन् तू लाकूड मागतोस. मी दोन्ही टाकून आलो. आपल्याला त्यांचं काय करायचंय?" आबा जे म्हणत होते ते बरोबर होतं. ईश्वर तेच लोकांना सांगायचा, वस्तीतल्या वाचनालयात त्यावर बोलायचाही. फक्त त्याच्या पायांना ते पटत नव्हतं. नागूबाईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "खा आधी. नाचायचं आसंल तर बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याकडं नाच की, कोन नको म्हनतंय." आपल्या जयंतीला तो नाचला होता, गुलालात, मनमुराद. पण त्या नाचात समोरचा माणूस आपोआप आपला असतो. कोलाटात तो सरकत सरकत येतो. अनोळखी, कंटाळलेला, आवडता, नावडता, जो येईल त्याच्या टिपरीला टिपरी लावावी लागते, आणि त्यालाही लावावी लागते. नावड बाजूला ठेवायला ठोक्याएवढाच वेळ असतो. ईश्वरला तेवढाच वेळ पाहिजे होता, प्रत्येकाकडून. हे आईला कसं सांगायचं, म्हणून त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

बसवजयंतीच्या दोन दिवस आधी वीजवाल्यांनी लोखंडी खांब उपटून नेला. जुना झाला होता म्हणे. त्याच्या जागी सिमेंटचा बसवायचा होता, पण तो आणून गटारीच्या कडेला आडवा टाकला आणि माणसं सुट्टीवर गेली. पेठेत हळहळ झाली. खांबावरून सोडलेल्या टिपऱ्या, सुतळीसकट, दुकानाच्या पायरीवर पडल्या होत्या. जयंतीच्या दिवशी सांज व्हायच्या सुमाराला मिरवणूक दुकानासमोर आली. बत्त्या पेटल्या. माढ्याकडच्या कुठल्याशा गावातून आणलेला हलगीवाला होता, काळा, सडपातळ, कुणाशी न बोलणारा; त्याला पेठेतली भांडणं माहीत नव्हती. खुंटाचं काय करायचं यावर तिप्पण्णा आणि बसलिंगप्पांची बोलाचाली चालू होती, एक पोतं उभं करावं की शिडी, आणि तेवढ्यात त्या हलगीवाल्याला वाटलं की आपल्यासाठी थांबलेत. त्यानं हलगीवर काडी टाकली. पहिल्याच ठोक्याला ईश्वरच्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं. असा ठोका असतो होय, त्याला वाटलं. हे आबांच्या हातात होतं आणि आबांनीच ते फाडून टाकलं. किती जड गेलं असेल. रांगा आपोआप हलल्या. कोण थांबणार? गाणं सुरू झालं, कडवं संपत आलं, आणि फेरी सुरू झालेली, ती आता मोडायची नाही. तिप्पण्णा सरकत रिकाम्या जागेसमोर येऊ लागला. त्याच्या डोळ्यांत भीती दिसत होती. बसलिंगप्पा पायरीवरून किंचाळले, "अरे, उभा ऱ्हावा की रे कुणीतरी!"

सगळ्यात जवळ ईश्वर होता. नेहमीच असायचा. त्यानं पायरीवरच्या टिपऱ्या उचलल्या, लोंबत्या सुतळीसकट, आणि उभा राहिला. तिप्पण्णाची टिपरी आली. लागली. कट्. लाकडावर लाकूड. पंपासारखा आवाज नाही, खांबासारखा नाही. मग दुसरा आला, तिसरा आला. ईश्वरच्या छातीत आनंद भरायला लागला होता; आणि तो अर्ध्यावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कुणीच त्याच्याकडं बघत नाही. रागानं नाही, टाळूनही नाही. सगळे त्याच्या डोक्याच्या वर, जिथं खांबावर दिवा असायचा तिथं बघत होते. महिनाभराची सवय झाली होती. टिपऱ्याही खाली, छातीच्या उंचीला येत होत्या, जिथं त्या बांधलेल्या असायच्या. मग शिवपुत्र आला. आता बघेल, ईश्वरला वाटलं. शिवपुत्राची टिपरी त्याच्या टिपरीच्या खालून निसटता निसटता लागली, आणि दिव्याच्या जागेकडं बघतच तो पुटपुटला, "जरा खाली धर. अंदाज चुकायलाय."

ईश्वरनं खाली धरली. उंच माणसाला हात तेवढे खाली धरून नीट मारता येत नाही, म्हणून त्यानं गुडघे वाकवले. नंतर कित्येक दिवस तो स्वतःला हेच विचारत होता, की का वाकवले. टिपऱ्या फेकून मधेच बाजूला झाला असता तर? फेरी मोडली असती. पेठेचं कपाळ, मोडली असती तर मोडली असती. पण हलगी चालू होती, समोर माणूस येत होता, आणि त्याच्या टिपरीला काहीतरी लागायला हवं होतं. तेवढं त्याला सहन होईना, की कुणाची टिपरी हवेत जावी. सगळ्या जागा, सगळी वळणं, कुठल्या शब्दावर पाठ फिरते ते सगळं त्याला पाठ होतं, आणि मिळाली ती रांगेतली एकच जागा, जिथून हलायचं नसतं. मांड्या पेटल्या होत्या. फेरी पुरी झाली. बसवेश्वर महाराज की जय झाली. बसलिंगप्पा घाम पुसत आले आणि त्यांनी ईश्वरच्या हातातून टिपऱ्या काढून घेतल्या. "दे हिकडं. नव्या खांबाला लागतील."

घरी तो बाजेच्या कडेला बसला तेव्हा आबांनी विचारलं, "पाय दुकत्यात व्हय?"

"व्हय."

"नाचलास?"

"न्हाय," ईश्वर म्हणाला. "उभा होतो."

दुसऱ्या दिवशी पेठेत सगळीकडं फेरीचं कौतुक चाललं होतं. खांब नव्हता तरी मोडली नाही, बसवण्णांची कृपा, असं बसलिंगप्पा गिऱ्हाइकांना सांगत होते. संध्याकाळपर्यंत 'नव्हता तरी' एवढं गळून गेलं. शिवपुत्राच्या दुकानाशी ईश्वरनं सायकल थांबवली. "मी होतो की रे तिथं, शिव्या. तुझी टिपरी लागली मला."

"होतास?" शिवपुत्रानं खरोखर आठवून बघितलं; तो खोटं बोलत नव्हता, तेच वाईट होतं. "गर्दी लई होती, बे. कुणाचं कुणाकडं लक्ष हाय?" मग त्यानं कळशी पुढं ओढली. "बाकी फेरी झकास झाली. खरं का न्हाय?"

खरं होतं. त्याच आठवड्यात सिमेंटचा खांब उभा राहिला. तो ठण्ण वाजत नाही, नुसता ठप्प होतो, आणि जुन्या खांबासारखा खांब आता होणे नाही असं तिप्पण्णा म्हणतो. ईश्वर सरळ रस्त्यानं घरी जातो. दुपारी कचेरीत, साहेब डुलक्या घेत असताना, तो आलेल्या कागदावर आला म्हणून आणि गेलेल्या कागदावर गेला म्हणून शिक्का मारतो, आणि शिक्का मारता मारता मनातल्या मनात तोच मजकूर जुळवत बसतो, कागदावर कधीच न उतरलेला: मा. अध्यक्ष, कोलाट मंडळ, शुक्रवार पेठ, यांचे सेवेशी. विषय: फेरीतील वर्तनाबाबत. महोदय, अर्जदार जयंतीचे सायंकाळी खुंटाचे जागी हजर होता. जागा कायम करावी, नाव घ्यावे, प्रसाद द्यावा, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. खांबाचे हक्कास बाधा आणण्याचाही हेतू नाही. तरी पुढील वर्षी टिपरी लागतेवेळी समोर येणाऱ्या इसमाने, सवडीने व फेरी न मोडता, एकवार अर्जदाराच्या तोंडाकडे पाहावे, अशी तजवीज होऊन मिळावी, ही नम्र विनंती.